एका डोळ्याचा निरोप हाताला किती वेळात?

उजव्या डोळ्याने पाहिलेले सारे डाव्या मेंदूत जाते, हा समज सुशिक्षितांतही रूढ आहे. तो निम्माच खरा आहे. उजव्या हाताची सूत्रे मेंदूच्या डाव्या अर्धगोलाकडे असतात. डोळ्यांची व्यवस्था मात्र निराळी आहे. दृष्टिपटलाच्या नाकाकडील भागातून निघालेले तंतू वाटेत बाजू ओलांडतात, कानशिलाकडील तंतू आपल्याच बाजूला राहतात. त्यामुळे एक डोळा झाकला तरी दुसऱ्याची वार्ता दोन्ही अर्धगोलांना मिळते: उजवीकडचे दृश्य डाव्याला, डावीकडचे उजव्याला.

या रचनेचा उपयोग अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट पॉफेनबर्गर यांनी १९१२ मध्ये करून घेतला. नजर समोर खिळवायची आणि बाजूला प्रकाश चमकताच बोटाने प्रतिसाद द्यायचा, असा हा साधा प्रयोग. प्रकाश उजवीकडे आणि हातही उजवा असेल, तर पाहणे व आज्ञा देणे ही दोन्ही कामे एकाच अर्धगोलात उरकतात. हात डावा असेल, तर निरोपाला दोन अर्धगोलांना जोडणारा तंतूंचा पूल ओलांडावा लागतो. या प्रवासाला सरासरी अवघे तीन-चार मिलिसेकंद लागतात. एकंदर प्रतिसादाला सुमारे पाव सेकंद लागत असल्याने हा फरक शेकडो चाचण्यांच्या सरासरीतूनच हाती येतो. अपस्मारावरील उपचारासाठी ज्यांचा हा पूल शस्त्रक्रियेने छेदलेला असतो, त्यांच्यात मात्र तो अनेक पटींनी वाढतो.

तेव्हा डोळा कोणता, यापेक्षा दृश्य कोणत्या बाजूचे, याला येथे महत्त्व आहे. डोळ्याचे महत्त्व जाणवते ते तो मंदावल्यावर. अंधुक प्रतिमेचा संदेश मेंदूकडे उशिरा पोहोचतो. एका डोळ्यापुढे काळी काच धरली, की सरळ रेषेत झुलणारा लंबक लंबवर्तुळात फिरताना दिसतो. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल पुल्फ्रिश यांनी १९२२ मध्ये याची मीमांसा केली. स्वतः एका डोळ्याने अंध असल्याने त्यांना तो भास कधीच अनुभवता आला नाही!

एकाच डोळ्यात मोतीबिंदू असलेल्यालाही असा भास होऊ शकतो. आडवी जाणारी सायकल प्रत्यक्षाहून जवळ वा दूर भासते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन पाव सेकंदात चार मीटर पुढे सरकते. ‘दुसऱ्या डोळ्याने स्पष्ट दिसते’ म्हणून शस्त्रक्रिया पुढे ढकलणारे वाहनचालक हा हिशेब सहसा करीत नाहीत.