फाडलेल्या मुखपृष्ठांमागचे लेखक

अमेरिकेतल्या स्वस्त पेपरबॅकचा हिशेब मोठा निर्दय असे. न खपलेली पुस्तकं दुकानदार परत पाठवत नसे. गाडीभाडंच अंगावर आलं असतं. तो फक्त मुखपृष्ठ फाडून प्रकाशकाकडे धाडी, पैसे वळते करून घेई आणि उरलेलं पुस्तक लगद्यात जाई. ऐतिहासिक प्रणयकादंबरीचं पुढे साहित्याच्या इतिहासातही असंच झालं. वाऱ्यावर उडणारे केस, खांद्यावरून घसरलेला झगा, मागे शिडाचं जहाज नाहीतर पेटती हवेली एवढं लोकांच्या लक्षात राहिलं. ती चित्रं काढणाऱ्या एलेन ड्युइलो किंवा पिनो यांच्या नावांवर आज संग्राहक उड्या मारतात. आतला मजकूर कोणी लिहिला, हे विचारणारे थोडे.

या लाटेची सुरुवात १९७२ सालची. कॅथलीन वुडिविस यांच्या ‘द फ्लेम अँड द फ्लॉवर’चं जाडजूड बाड हार्डकव्हरवाल्यांनी नाकारलं होतं. एव्हॉन प्रकाशनाच्या नॅन्सी कॉफी या संपादिकेला ते न मागता आलेल्या हस्तलिखितांच्या ढिगात सापडलं. पेपरबॅक म्हणजे बहुतेक वेळा हार्डकव्हरची स्वस्त आवृत्ती, असा तोवरचा रिवाज. एव्हॉनने ही कादंबरी थेट पेपरबॅकमध्ये काढली, गाजावाजा करून विकली, आणि औषधांच्या दुकानांतल्या, सुपरमार्केटमधल्या फिरत्या स्टँडवरून ती लाखांनी गेली. नायक सुरुवातीलाच नायिकेवर बळजबरी करतो आणि पुढची कितीतरी पानं त्याचंच रूपांतर प्रेमात करण्यात जातात. आज ते वाचवत नाही. तेव्हाही अनेकींना ते खटकलं होतं. पण या एका दोषावर बोट ठेवून अख्खी जातकुळी निकालात काढणं समीक्षकांना फार सोयीचं पडलं.

उदाहरणार्थ रोझमेरी रॉजर्स. १९७४ च्या ‘स्वीट सॅव्हेज लव्ह’ची ही लेखिका जन्मली, वाढली तेव्हाच्या सिलोनमध्ये. तिथे तिने वर्तमानपत्रात बातमीदारी केली आणि नंतर कॅलिफोर्नियात टायपिंगची नोकरी करत मुलं वाढवली. टेक्सस आणि मेक्सिकोच्या यादवीवर कादंबरी लिहिणारी ही बाई वसाहतीतल्या समाजातून आली होती, हा धागा पकडून कोणी तिला वाचल्याचं मला तरी दिसलं नाही.

टोपणनावांचा गोंधळ तर विचारूच नका. ‘लव्ह्ज टेंडर फ्यूरी’ (१९७६) या तुफान खपलेल्या कादंबरीत नायिका स्वतःची कथा स्वतःच सांगते. मुखपृष्ठावरची लेखिका जेनिफर वाइल्ड म्हणजे टेक्ससमधले एक माजी शिक्षक, टॉम हफ. इंग्लंडमध्ये जीन प्लेडी, व्हिक्टोरिया होल्ट आणि फिलिपा कार या तिन्ही बायका म्हणजे एकट्या एलिनॉर हिबर्ट. ‘मिस्ट्रेस ऑफ मेलिन’ (१९६०) आली तेव्हा होल्ट म्हणजे कादंबरीकार डाफ्ने द्यु मॉरिएच, अशी कुजबूज होती. हिबर्टबाईंनी दोनशेच्या आसपास पुस्तकं लिहिली. त्यांच्या बाबतीत टोपणनाव हा धंद्याचा भाग होता, तक्रारीचा नाही.

फ्रान्सच्या आन गोलोंची गोष्ट वेगळी. सतराव्या शतकातल्या आन्जेलिकची मालिका त्यांनी लिहिली. नवरा सर्ज, मूळचा रशियन, ऐतिहासिक माहिती जमवून देई. फ्रेंच आवृत्तीवर दोघांची नावं आली आणि इंग्रजीत तर ती वितळून ‘सर्जॅन’ असं एकच नाव झालं. सर्ज १९७२ साली गेले. पुढे हक्कांसाठी आनबाई प्रकाशकाशी वर्षानुवर्षं न्यायालयात भांडल्या आणि ऐंशी उलटल्यावर कुठे त्यांची पुस्तकं त्यांची झाली. लोकप्रिय लेखकाची नोंद कोर्टाच्या कागदांत चोख होते, हे आपल्यालाही नवीन नाही: चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ‘रंभा’च्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली, अश्लीलतेचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ मध्ये ते सुटले. त्यांच्या कादंबऱ्यांवर तितक्या बारकाईने कोणी लिहिलं?

या सगळ्यांत मला सर्वांत गुंतवून ठेवतो तो फ्रँक यर्बी. जॉर्जियातल्या ऑगस्टा गावी १९१६ साली जन्मलेला हा कृष्णवर्णीय लेखक. वर्णद्वेषावरच्या ‘हेल्थ कार्ड’ या कथेला १९४४ साली ओ. हेन्री पुरस्कार मिळाला. तशाच आशयाच्या कादंबरीला मात्र प्रकाशक मिळेना. मग त्याने १९४६ मध्ये ‘द फॉक्सेस ऑफ हॅरो’ लिहिली. मिसिसिपी नदीतल्या वाळूच्या बेटावर आगबोटीतून उतरवून दिलेला एक आयरिश जुगारी न्यू ऑर्लिन्सजवळ मळेवाला जमीनदार होतो, ही तिची कथा. लाखो प्रती खपल्या, वर्षभरात हॉलिवूडचा चित्रपट निघाला. कित्येक गोऱ्या वाचकांना लेखक काळा आहे याचा पत्ताच नव्हता. काळ्या समीक्षकांनी त्याच्यावर आपल्याच समाजाकडे पाठ फिरवल्याचा ठपका ठेवला. पण नीट वाचलं तर दक्षिणेतल्या ज्या खानदानांचा एवढा तोरा, ती मुळात जुगाऱ्यांनी आणि गुलामांच्या घामावर उभी केलेली आहेत, हे यर्बी त्याच खानदानांच्या भक्त वाचकांना पैसे मोजायला लावून सांगत होता. १९५९ साली ‘हार्पर्स’मध्ये त्याने आपल्या ‘कॉस्च्यूम’ कादंबऱ्यांची, म्हणजे जुन्या काळच्या पोशाखी प्रेमकथांची, कृती उघड सांगून टाकली. तोवर अमेरिका सोडून तो स्पेनला स्थायिक झाला होता. १९९१ मध्ये माद्रिदलाच वारला. त्याची ‘द डाहोमियन’ (१९७१) आफ्रिकेतल्या राज्यात घडते आणि तिचा नायक काळा आहे. माझ्या मते ती त्याची सर्वोत्तम.

काळ्या नायिकेची ऐतिहासिक प्रेमकथा मोठ्या प्रकाशनाकडून यायला १९९४ उजाडलं: बेव्हर्ली जेंकिन्स यांची ‘नाइट साँग’. नकार पचवत आलेलं हे हस्तलिखित शेवटी छापलं एव्हॉननेच. नायिका कॅन्ससमधल्या काळ्या वस्तीतली शिक्षिका, नायक घोडदळातला काळा सैनिक. आपल्या कादंबऱ्यांच्या शेवटी जेंकिन्स वापरलेल्या इतिहासग्रंथांची यादी देतात. शाळेच्या पुस्तकांनी वगळलेल्या त्या वस्त्या आणि पलटणी खऱ्याच होत्या, हे वाचकाने स्वतः पडताळून घ्यावं म्हणून.