सोमलाच्या सरोवरांतील जंतु

लोणच्यांत मीठ कमी पडलें कीं त्यास बुरशी येते, हें आमच्या वाचकांस घरच्या अनुभवानें ठाऊक असेलच. मीठ पेशींतील पाणी ओढून घेतें आणि जंतूंची वाढ खुंटते. परंतु कांहीं सूक्ष्म जीवांस खारें पाणीच मानवतें. त्यांस लवणप्रिय म्हणतात. मिठागराच्या वाफ्यांतील पाण्यास जो लालसर रंग चढतो, तो बहुधा अशांमुळेंच.

यांपैकीं एकाची हकीकत आम्हांस येथें सांगावयाची आहे. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत मोनो नांवाचें सरोवर आहे. त्यास ओढे येऊन मिळतात, परंतु पाण्यास बाहेर वाट नाहीं. पाण्याची वाफ होते व क्षार मागें राहतात. १९४१ पासून लॉस एंजलिस शहरानें ते ओढे वळविले, तेव्हां तें अधिकच खारट झालें. सोमल ज्यापासून होतो तें आर्सेनिक या पाण्यांत विपुल आहे. खरें पाहतां आर्सेनिक शुद्ध धातु नव्हे, धातुसदृश होय. पण विषारीपणांत तें शिसें-पाऱ्यांच्याच पंक्तीस बसतें.

तें विष कां ठरतें? जीवास स्फुर अत्यावश्यक असतो व तो फॉस्फेटाच्या रूपानें पेशींत जातो. आर्सेनिकापासून झालेला आर्सेनेट दिसण्यांत त्याचा जुळा भाऊच. पेशी फसते, त्यास घरांत घेते, आणि तिचा सारा कारभार बिघडतो.

२०१० सालीं फेलिसा वुल्फ-सायमन व त्यांचे सहकारी यांनीं 'सायन्स' या नियतकालिकांतून जाहीर केलें कीं, या सरोवरांतील 'जीएफएजे-१' हा हॅलोमोनस वर्गाचा जंतु स्फुराच्या अभावीं आर्सेनिकच आपल्या डीएनएमध्यें गुंफतो. केवढी खळबळ उडाली ती! आम्हीही तेव्हां थक्क झालों होतों. परंतु २०१२ सालीं दोन स्वतंत्र प्रयोगशाळांनीं पुन्हां तपासलें, तों डीएनएमध्यें तसें गुंफलेलें आर्सेनिक सांपडेना. आणि स्फुर मुळींच न मिळाल्यास जंतु वाढेना. मूळ प्रयोगांतील क्षारांत स्फुराचा अल्प अंश राहिला होता, तेवढ्यावर त्यानें निर्वाह केला होता. अखेर २०२५ मध्यें 'सायन्स'नें तो निबंध मागें घेतला. लेखकांस मात्र तें मान्य झालें नाहीं.

मग हा जंतु तगतो कसा? आमच्या मतें खरें उत्तर त्या खोट्या बातमीहून अधिक नवलाचें आहे. फॉस्फेट पकडणाऱ्या त्याच्या प्रथिनास एक अरुंद खोबण असते. आर्सेनेट किंचित् मोठा असल्यामुळें तींत नीट बसत नाहीं; म्हणून हजारों आर्सेनेटांच्या गर्दींतूनही तें प्रथिन एकटा फॉस्फेट हुडकून काढतें. तरीही थोडें विष आंत शिरतेंच. त्यावर अशा अनेक जंतूंची तोड अशी कीं, प्रथम आर्सेनेटाचें आर्सेनाइट करावयाचें, आणि मग पेशीच्या आवरणांत बसविलेल्या पंपानें, नावेंत शिरलेलें पाणी उपसावें तसें, तें अखंड बाहेर टाकीत राहावयाचें.