विसरलेला परवलीचा शब्द : तो घरच्याच संगणकांतून कसा काढावा

सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यांतील केम हें गांव पुणें-सोलापूर लोहमार्गावरील स्थानक म्हणून व कुंकवाच्या धंद्याकरितां सर्वांच्या परिचयाचें आहे. कुंकवाच्या परगांवच्या मागण्या हल्लीं मोबाइलवर येतात, आणि शेतकऱ्याचीं कामेंहि बरींचशीं त्याच वाटेनें होऊं लागलीं आहेत. सातबाराचा उतारा संगणकावर पाहतां येतो. पिकाची नोंद शेतकऱ्यानें स्वतः 'ई-पीक पाहणी' या ॲपवरून करावी, ही पद्धत १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. सोलापूरच्या बाजारांतील कांद्याचा भाव गाडी भरण्यापूर्वीं घरबसल्या समजतो, आणि पीकविम्याचा अर्जहि याच मार्गानें जातो. अशा स्थितींत घरांतील इंटरनेटची जोडणी ही चैनीची वस्तु राहिलेली नसून विहिरीवरील पंपाइतकीच ती कामाची झाली आहे. पंप जसा ऐन पाळीच्या वेळीं बंद पडतां कामा नये, तशीच ही जोडणीहि मुदतीच्या दिवशीं अडतां कामा नये.

ती अडते मात्र बहुधा एका क्षुल्लक कारणानें. घरीं राउटर बसविला तेव्हां शिकत्या मुलानें परवलीचा शब्द, म्हणजे वाय-फायचा पासवर्ड, ठरवून घातला. पुढें तो मुलगा नोकरीनिमित्त पुण्यास गेला. घरीं नवा मोबाइल आला, त्यानें तो शब्द मागितला, आणि कोणासच तो आठवेना. मुलालाहि विचारावें तर तोहि विसरलेला. अशा वेळीं लोक तीनपैकीं एक मार्ग धरतात. कोणी तालुक्याहून माणूस बोलावून त्यास पैसे मोजतो. कोणी राउटरच्या मागचें बारीक बटण सुई खुपसून दाबतो. आणि कोणी 'ही कटकटच नको' म्हणून परवलीचा शब्द अजिबात काढून टाकतो. पहिल्या मार्गांत खर्च आहे. दुसऱ्यांत व तिसऱ्यांत नुकसान आहे. आणि याच वेळीं त्याच घरांतील जुना संगणक त्याच राउटरशीं बिनबोभाट जोडलेला असतो! काखेंत कळसा आणि गांवाला वळसा, अशांतला हा प्रकार होय. जो संगणक रोज कुलूप उघडतो, त्याच्यापाशीं किल्ली असलीच पाहिजे. ती त्याच्याकडून कशी मागून घ्यावी, एवढेंच शिकावयाचें आहे.

संगणकापाशीं हा शब्द कां असतो

घरच्या बिनतारी जाळ्यांत हल्लीं सामान्यतः जी संरक्षणाची पद्धत असते ती डब्ल्यूपीए-२ नांवाची असून ती २००४ सालीं प्रचारांत आली. हिच्या पूर्वींची 'वेप' नांवाची पद्धत २००१ च्या सुमारास कुचकामी ठरली होती. हिच्या पुढची डब्ल्यूपीए-३ ही २०१८ सालीं आली. डब्ल्यूपीए-२ मध्यें परवलीचा शब्द कमींत कमी ८ व जास्तींत जास्त ६३ अक्षरांचा असतो. जोडणीच्या वेळीं हा शब्द हवेंतून पाठविला जात नाहीं. संगणक व राउटर दोघेहि आपआपल्या जागीं तो शब्द व जाळ्याचें नांव एकत्र करून, त्यांवर ४,०९६ वेळां एकच गणिती क्रिया करून, एक लांबलचक गुप्त संख्या तयार करतात, आणि ती संख्या उघड न करतां 'मजपाशींहि तीच आहे' असें परस्परांस पटवितात.

यावरून दोन गोष्टी ध्यानांत येतील. पहिली, हा खटाटोप प्रत्येक जोडणीस करावा लागत असल्यामुळें संगणकास तो शब्द जवळ बाळगणें भाग आहे. विंडोज प्रणालीचा संगणक तो आपल्या पोटांतील एका फाइलींत कुलूपबंद करून ठेवतो, आणि ज्यास त्या संगणकावर व्यवस्थापकाचा, म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटरचा, अधिकार आहे त्यानें मागितल्यास दाखवितो. दुसरी, जाळ्याचें नांवहि या हिशेबांत असल्यामुळें नांव व शब्द ही जोडी आहे. शब्द लिहून घेतांना नांवहि त्याच्यापुढें लिहावें.

कोणता शब्द शोधावयाचा

आपल्या घरीं एकच परवलीचा शब्द आहे, अशी समजूत असते. वस्तुतः ते तीन-चार असतात व त्यांचा घोटाळा होतो. एक, वाय-फायला जोडण्याचा. दुसरा, राउटरच्या अंतर्गत व्यवस्थेंत शिरण्याचा. तिसरा, इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीकडील आपल्या खात्याचा. चौथा, संगणक सुरू करतांना घालावयाचा. या लेखांत सांगितलेल्या रीतींनीं फक्त पहिला सांपडतो. मोबाइल मागतो तोहि तोच.

शोध कसा घ्यावा

सर्वांआधीं राउटर उलटा करून पाहावा. पुष्कळ राउटरांच्या तळाशीं कारखान्यानें घातलेला शब्द चिठ्ठीवर छापलेला असतो. तो कोणी बदलला नसेल तर काम तेथेंच झालें. तो लागू पडला नाहीं तर संगणकाकडे वळावें. हा संगणक पूर्वीं त्या जाळ्याशीं बिनतारी जोडलेला असला पाहिजे. नेहमीं तारेनेंच जोडलेल्या संगणकांत हा शब्द सांपडणार नाहीं.

(१) विंडोज ११ असल्यास. 'सेटिंग्ज' उघडून 'नेटवर्क अँड इंटरनेट' व त्यांतील 'वाय-फाय' येथें जावें. 'मॅनेज नोन नेटवर्क्स' यावर क्लिक केल्यास आजवर जोडलेल्या जाळ्यांची यादी दिसेल. आपल्या जाळ्याच्या नांवावर क्लिक करून 'व्ह्यू वाय-फाय सिक्युरिटी की' या ओळीपुढील 'व्ह्यू' दाबावें, म्हणजे शब्द दिसेल. ही ओळ जुन्या आवृत्तींत नसते. तेथें पुढील रीत वापरावी.

(२) विंडोजच्या कोणत्याहि चालू आवृत्तींत. संगणक त्या जाळ्याशीं जोडलेला असतांना कीबोर्डवरील खिडकीच्या चिन्हाचें बटण दाबून धरावें व 'आर' दाबावें. लहानशी चौकट उघडेल. तींत एन-सी-पी-ए, टिंब, सी-पी-एल हीं अक्षरें इंग्रजींत, मधें जागा न सोडतां, टाइप करून 'एंटर' दाबावें. जोडण्यांचीं चित्रें दिसतील. त्यांतील 'वाय-फाय' यावर राइट क्लिक करून 'स्टेटस', मग 'वायरलेस प्रॉपर्टीज', मग 'सिक्युरिटी' असें जावें. तेथें शब्दाच्या जागीं ठिपके असतात. खालच्या 'शो कॅरेक्टर्स' या चौकोनांत खूण केली कीं ठिपक्यांच्या जागीं अक्षरें येतात. संगणकानें परवानगी विचारल्यास ती द्यावी.

(३) संगणक सध्यां त्या जाळ्याशीं जोडलेला नसल्यास. राउटर दुरुस्तीस गेला असला तरी ही रीत चालते. शोधाच्या जागीं सी-एम-डी हीं अक्षरें घालावींत. 'कमांड प्रॉम्प्ट' दिसेल. त्यावर राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' निवडावें. काळ्या पडद्यावर इंग्रजींत चार शब्द, प्रत्येकामध्यें एक जागा सोडून, लिहावेत : पहिला एन-ई-टी-एस-एच, दुसरा डब्ल्यू-एल-ए-एन, तिसरा 'शो', चौथा 'प्रोफाइल्स'. 'एंटर' दाबतांच साठविलेल्या सर्व जाळ्यांचीं नांवें येतील. मग पुन्हां तेच पहिले तीन शब्द लिहून चौथा 'प्रोफाइल' असा एकवचनीं लिहावा. त्यापुढें 'नेम', बरोबरीचें चिन्ह, व दुहेरी अवतरणांत जाळ्याचें नांव जसेंच्या तसें. मग एक जागा सोडून 'की', बरोबरीचें चिन्ह, 'क्लिअर'. बरोबरीच्या चिन्हाच्या अलीकडे-पलीकडे जागा सोडूं नये. जें उत्तर येईल त्यांत 'की कंटेंट' या ओळीपुढें आपला शब्द असतो.

(४) संगणक ॲपलचा असल्यास. व्हेंचुरा या २०२२ च्या आवृत्तीपासून 'सिस्टिम सेटिंग्ज' मधील 'वाय-फाय' येथें जाळ्याच्या नांवाशेजारीं तीन टिंबें असतात. त्यांत 'कॉपी पासवर्ड' मिळतें. नक्कल कोठें तरी चिकटवून शब्द वाचावा.

(५) संगणकच नसल्यास. ज्या मोबाइलवर जोडणी चालू आहे त्यासच विचारावें. अँड्रॉइड १० व त्यापुढील फोनांत वाय-फायच्या सेटिंगमधील 'शेअर' दाबल्यास चौकोनी क्यूआर चिन्ह येतें. नव्या फोनानें तें टिपलें कीं जोडणी होते. पुष्कळ फोनांत शब्दहि त्याखालीं लिहिलेला असतो. आयफोनांत २०२२ च्या आयओएस १६ पासून जाळ्याच्या माहितींत 'पासवर्ड' यावर बोट लावल्यास तो दिसतो.

लिहून घेतांना होणाऱ्या चुका

शब्द सांपडूनहि नवा मोबाइल तो नाकारतो, तेव्हां दोष बहुधा लिहिण्यांत असतो. इंग्रजींतील मोठें व लहान अक्षर हीं येथें दोन निराळीं अक्षरें आहेत. शून्य व 'ओ', तसेंच एक हा अंक, लहान 'एल' व मोठें 'आय' हीं सारखीं दिसतात. ज्यांविषयीं शंका असेल त्यांच्या खालीं मराठींत खुलासा लिहावा. शब्दाच्या शेवटीं चुकून जागा टाइप झाली तरीहि तो चालत नाहीं. आणि मागाहून कोणी राउटरवर शब्द बदलला असेल, तर बंद पडलेल्या जोडणीचा संगणक जुनाच शब्द दाखवील. जो संगणक आज जोडला जात आहे, त्याचाच शब्द खरा मानावा.

बारीक बटणाविषयीं

राउटर बंद करून पुन्हां सुरू करणें निरुपद्रवी आहे. मागचें बारीक 'रीसेट' बटण दाबून धरणें ही गोष्ट वेगळी. त्यानें राउटर कारखान्यांतून आला तसा कोरा होतो. परवलीचा शब्द तर जातोच, परंतु अनेक जोडण्यांत कंपनीच्या खात्याचें नांव व गुप्त शब्दहि राउटरमध्यें भरलेले असतात, तेहि पुसले जातात. मग एका मोबाइलची अडचण साऱ्या घराची होते, आणि कंपनीचा माणूस येईपर्यंत पीकविम्याची मुदत थांबत नाहीं. वरील रीति थकल्या, आणि खात्याची माहिती हाताशीं असली, तरच हा उपाय करावा.

जाळें उघडें ठेवूं नये

परवलीचा शब्द काढून टाकणें हें कोठाराचें कुलूप विसरभोळेपणाच्या भीतीनें फेंकून देण्यासारखें आहे. २६ जुलै २००८ रोजीं अहमदाबादेंत बाँबस्फोट झाले. त्यांच्या कांहीं मिनिटें आधीं धाडलेल्या धमकीच्या ई-मेलचा माग नवी मुंबईंत सानपाडा येथें राहणाऱ्या एका अमेरिकन गृहस्थाच्या जोडणीपर्यंत पोहोंचला. त्याचें बिनतारी जाळें असुरक्षित होतें व त्याचा उपयोग दुसऱ्यांनींच केला होता. चौकशीस मात्र त्या गृहस्थास तोंड द्यावें लागलें. पुढें फेब्रुवारी २००९ मध्यें केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्यानें इंटरनेट पुरविणाऱ्या कंपन्यांस वाय-फाय जोडण्यांच्या सुरक्षिततेविषयीं सूचना दिल्या. जोडणी ज्याच्या नांवावर, विचारणा प्रथम त्याच्याकडे, हा नियम शहराला व खेड्याला सारखाच आहे.

याचीच दुसरी बाजू अशी कीं, जो संगणक आपणांस शब्द सांगतो तो व्यवस्थापकाच्या अधिकारानें समोर बसलेल्या कोणासहि सांगतो. म्हणून संगणकाला स्वतःचें कुलूप असावें. तो विकतांना किंवा कोणास कायमचा देतांना साठविलेलीं जाळीं 'फर्गेट' म्हणून पुसावींत. पाहुण्यांकरितां पुष्कळ राउटरांत निराळें 'गेस्ट' जाळें करण्याची सोय असते, ती वापरावी. शब्दाचें छायाचित्र व्हॉट्सॲपच्या गटांत टाकूं नये. आणि या रीति आपल्या संगणकापुरत्या व आपल्या जोडणीपुरत्याच आहेत. दुसऱ्याच्या संगणकांत किंवा जाळ्यांत त्याच्या परवानगीवांचून शिरणें हें माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या ४३ व्या कलमाखालीं येतें.

शेवटचें काम सर्वांत सोपें आहे, आणि तेंच बहुधा राहून जातें. शब्द सांपडल्यावर तो जाळ्याच्या नांवासह व तारखेसह, सातबाराचे उतारे व कर्जाच्या पावत्या जेथें असतात त्या वहींत लिहून ठेवावा. त्याच पानावर कंपनीच्या खात्याचा क्रमांक व तक्रारीचा फोनहि नोंदवावा. घरांतील निदान दोघांस, आणि त्यांत घरच्या बाईसहि, तें पान ठाऊक असावें. शिकलेला मुलगा पुण्यास असो कीं मुंबईस, त्याच्या स्मरणावर घरचा कारभार अडूं नये, यासाठीं वहींतील एक ओळ पुरेशी आहे. हें काम पेरणीच्या धांदलींत होत नाहीं. उन्हाळ्यांतील एखाद्या मोकळ्या दुपारीं तें करून टाकावें.