अजरखचे रंग आणि कच्छचे पाणी

२६ जानेवारी २००१ च्या भूकंपात कच्छमधील धमडका हे अंजार तालुक्यातील गाव उद्ध्वस्त झाले. पडलेली घरे मदतीच्या पैशातून पुन्हा उभी राहू शकतात. पण तेथील खत्री कुटुंबांपुढे याहून बिकट प्रश्न उभा राहिला. भूकंपानंतर गावच्या पाण्यातील लोहाचे प्रमाण वाढले आणि पिढ्यान्‌पिढ्या हाताला वळण पडलेले रंग कापडावर पूर्वीसारखे उतरेनात. गावची नदी तर त्याआधीच आटली होती.

ही कुटुंबे अजरख छापतात. गडद तांबडी आणि निळी जमीन, तीवर काळ्या-पांढऱ्या रेषांची भौमितिक नक्षी, असे हे कापड कच्छचे पशुपालक मुंडाशासाठी, लुंगीसाठी आणि खांद्यावर टाकण्यासाठी वापरीत. त्यातील सारी करामत पाण्याच्या साक्षीने चालते. कापड प्रथम उंटाच्या लेंड्या, खार आणि एरंडेल तेल यांच्या मिश्रणात मुरवून पुनःपुन्हा वाळवतात. मग त्याला हिरड्याचे पाणी देतात. पांढऱ्या ठेवायच्या रेषांवर चुना आणि डिंक यांचा ठसा उठतो. काळ्यासाठी गंजके लोखंड गुळाच्या पाण्यात कित्येक दिवस आंबवतात व चिंचोक्याच्या पिठाने ते दाट करतात. तांबड्यासाठी तुरटी लावतात. नंतर निळीचे पिंप, नंतर धुणे, नंतर मंजिष्ठाची उकळी. चौदा-सोळा टप्प्यांचे हे काम दोन-तीन आठवडे सहज घेते.

हिरडा आणि लोखंड एकत्र आले की काळा रंग होतो, हे हिरडा-हिराकसाची शाई घरी करणाऱ्या जुन्या पंतोजींना सांगावे लागत नसे. तेच लोखंड न बोलावता पाण्यातून आले, तर तांबडा रंग मळकट होतो. ठसे तेच आणि हातही तेच असूनही धमडक्याचे रंग बिघडले ते यामुळे.

सुमारे चारशे वर्षांपूर्वी, राव भारमल यांच्या काळात, आपले पूर्वज सिंधमधून येथे आले असे खत्री सांगतात. १९५० नंतर स्वस्त रासायनिक रंग आले, गिऱ्हाइकाने गिरणीचे छापील कापड पत्करले आणि जुनी कृती मागे पडू लागली. त्या वेळी मोहम्मद सिद्दीक खत्री यांनी वनस्पतिजन्य रंगांची विद्या टाकून दिली नाही. अब्दुलरझाक, इस्माईल आणि अब्दुलजब्बार या मुलांना त्यांनी ती शिकवली. १९७० नंतर गुजरात सरकारच्या ‘गुर्जरी’ने अशा मालाला शहरी बाजार मिळवून दिला, हे मान्य केले पाहिजे. परंतु बाजार मिळण्याच्या आधी, तोट्याची भीती समोर असताना, ही विद्या एका कुटुंबाच्या अंगणात टिकली होती. शासकीय गौरवाच्या भाषणांत हा क्रम नेहमी उलटा सांगितला जातो.

भूकंपानंतर अनेक कुटुंबांनी भूजजवळ नवी वसाहत वसवली आणि तिला अजरखपूर हे नाव दिले. जागा निवडताना त्यांनी पाणी पाहिले. काही कुटुंबे धमडक्यातच राहिली. इस्माईल खत्री यांना २००३ मध्ये इंग्लंडमधील डी माँटफोर्ट विद्यापीठाने सन्माननीय पदवी दिली. २०२४ मध्ये कच्छच्या अजरखला भौगोलिक निर्देशांकही मिळाला.

या निर्देशांकाने नावाचे संरक्षण होते. पाण्याचे संरक्षण त्यात नाही. एकेक वस्त्र अनेकदा धुवावे लागते आणि कच्छमध्ये पाऊस तुटपुंजा. नवी वसाहतही विहिरी आणि कूपनलिकांवरच विसंबून आहे, आणि भूजल जितके खोल जाईल तितकी त्यातील क्षारांची धास्ती वाढते. कारागिरांच्या धुण्याचे पाणीही कोठेतरी मुरतेच; वनस्पतिजन्य म्हणजे सर्वथा निरुपद्रवी, ही शहरी समजूत तपासून घेण्यासारखी आहे. ते पाणी स्वच्छ करून पुन्हा वापरणे एकेका कुटुंबाच्या आवाक्यातले नाही. पुरस्कारासाठी निधी मिळतो, तसा यासाठीही मिळायला हवा.

दुसरीकडे तीच नक्षी जाळीच्या चौकटीवर, रासायनिक रंगांत, अल्पावधीत छापून ‘अजरख’ म्हणून विकली जाते. मुंबई-पुण्याच्या प्रदर्शनांत हे दोन्ही माल शेजारी शेजारी टांगलेले असतात. स्वस्त कापड घेण्यात गैर काही नाही, महिन्याच्या पगारात ते बसते. मात्र तो भाव दाखवून तीन आठवड्यांच्या कामाची किंमत पाडून मागितली जाते, तेव्हा नव्या पिढीच्या खत्री मुलाला ठसा खाली ठेवून दुसरी नोकरी धरणे अधिक शहाणपणाचे वाटले, तर त्याला दोष देता येणार नाही.