एकच माप : पगारी आणि हौशी कामाची पारख



एका शिक्षकाच्या स्मृतिदिनी 'तपासणी' या विषयावर बोलणे मला उचित वाटते. उत्तरपत्रिका कोणाची हे न पाहता गुण द्यावेत, हा संस्कार शाळाच करते.

मुक्त संगणकप्रणाली म्हणजे जिचा मूळ मजकूर कोणीही वाचू, बदलू आणि वाटू शकतो, अशी प्रणाली. लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने १९९१ साली आरंभलेली लिनक्स हे तिचे सर्वपरिचित उदाहरण. अशा प्रकल्पांत कंपनीचे पगारदार आणि रात्री जागून लिहिणारे हौशी, असे दोघेही राबतात. प्रत्येक बदल स्वीकारण्यापूर्वी कोणी जाणकार तो तपासतो. तेथे दोघांना सारखाच न्याय मिळतो काय?

आपल्या शिवारात भातलावणीला पैऱ्याची आणि रोजगाराची माणसे एकाच चिखलात उभी असतात. रोप कोणी लावले, हे पिकाला ठाऊक नसते.

या 'पैऱ्या'तला 'र' पाहा. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. भेद केवळ त्या एका खुणेचा. २००४ साली रेड हॅट कंपनीने लोहित हे भारतीय लिप्यांचे फॉन्ट मुक्त परवान्याखाली खुले केले. अशा एखाद्या फॉन्टमध्ये ही खूण चुकली, तर ती मराठी वाचणाऱ्याच्याच प्रथम ध्यानी येईल. समजा, बेळगुंदीच्या एखाद्या शिक्षकाने दुरुस्ती पाठविली. तपासनिसाला शेजारच्या मेजावरचा सहकारी रोज आठवण करून देतो; हा शिक्षक दूर असतो. दुरुस्ती पडून राहते, दरम्यान मूळ मजकूर बदलतो आणि ती त्यात बसेनाशी होते. शिक्षक कंटाळून काम सोडतो आणि चूक तशीच राहते. हे नुकसान एकट्या त्याचे नव्हे, मराठीचेही आहे.

तपासनिसाची बाजूही खोटी नाही. पगारी माणूस उद्या जागेवर सापडतो, हौशी सापडेलच असे नाही. शिवाय मार्च २०२४ मध्ये उघडकीस आलेले 'एक्सझेड' प्रकरण आपण विसरू नये. तो प्रकल्प सांभाळणारा गृहस्थ बिनपगारी होता आणि त्याच्यावर घाईचा दबाव येत होता. अशा स्थितीत एका अज्ञात व्यक्तीने दोन वर्षांहून अधिक काळ नेटके काम करून विश्वास संपादिला आणि अखेर प्रणालीत चोरवाट बसविली. लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढ्यावरून मायक्रोसॉफ्टचे अभियंता आंद्रेस फ्रॉइंड यांनी ती हुडकली. म्हणून सवलत म्हणजे न्याय नव्हे. न्याय म्हणजे एकच माप.

ते माप नियमांनीच टिकते. १९९९ साली स्थापन झालेल्या अपाची प्रतिष्ठानात सभासदाचे मत त्याचे स्वतःचे मानतात, त्याच्या कंपनीचे नव्हे; आणि कोणाचा बदल रोखायचा असल्यास त्याचे तांत्रिक कारण द्यावे लागते. यात मी दोन गोष्टींची भर घालीन : कसोट्या सर्वांना सारख्याच असाव्यात, आणि नकार द्यावयाचा तर तोही ठरलेल्या मुदतीत द्यावा. पगारदाराला प्रतीक्षेचा मोबदला मिळतो. हौशी माणसाला केवळ उत्तर मिळू शकते, आणि तेवढा त्याचा हक्क आहे.

विद्यार्थी मित्रहो, उद्या तुमच्यापैकी कोणी तपासनिसाच्या आसनावर बसेल. त्या वेळी आधी काम पाहावे आणि मग नाव वाचावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.