‘स्मार्ट’ म्हणजे शहाणा कीं दीडशहाणा ?

इंग्रजींतील कांहीं विशेषणांचा स्वभाव मोठा चमत्कारिक असतो. तींच अक्षरें एकदां पाठ थोपटतात व दुसऱ्यांदा चिमटा घेतात. ‘स्मार्ट’ हा शब्द याच जातीचा. छत्रपती संभाजीनगराहून पैठणास जातांना वाटेंत बिडकीन लागतें; त्या गांवाच्या वांट्यास हें विशेषण आलें आहे, म्हणून त्याचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या शब्दाचें मूळ वेदनेंत आहे. प्राचीन इंग्रजींत त्याचा अर्थ चुरचुरणें, झोंबणें असा होता व क्रियापद म्हणून तो आजही त्याच अर्थीं चालतो. पुढें झोंबणारा, मग तडफदार, मग हजरजबाबी, मग टापटिपीचा, अशीं त्याचीं अर्थांतरें झालीं. परंतु मूळची नांगी गेली नाहीं. उलट उत्तर करणाऱ्या मुलास कोणी ‘व्हेरी स्मार्ट’ म्हटलें, तर ती शाबासकी नव्हे, हें स्वरावरूनच कळतें.

आपल्या ‘शहाण्या’चेंही असेंच नाहीं काय ? ‘मुलगा शहाणा आहे’ ही स्तुति. ‘मोठा शहाणा लागून गेलास!’ हा टोमणा. गंमत अशी कीं, फाजील हुशारास इंग्रज ‘टू क्लेव्हर बाय हाफ’, म्हणजे अर्ध्यानें जास्त हुशार, म्हणतात; आमचा ‘दीडशहाणा’ही हिशेबानें तेवढाच भरतो ! मात्र लहान मुलांस उपरोध कळत नाहीं. तीं शब्द जसाच्या तसा घेतात. त्यांच्याशीं बोलतांना हीं दुधारी विशेषणें जपून वापरावीं हें बरें.

अलीकडे हें विशेषण माणसांवरून यंत्रांकडे व यंत्रांवरून शहरांकडे गेलें. २०१५ सालीं केंद्र सरकारनें ‘स्मार्ट सिटी’ योजना काढली. शेंद्रा व बिडकीन मिळून होणारी ‘ऑरिक’ ही औद्योगिक नगरीही ‘स्मार्ट’ म्हणविते; तींतील ७,८५५ एकरांच्या बिडकीन क्षेत्राचें लोकार्पण २९ सप्टेंबर २०२४ रोजीं झालें.

या एकरांत अनेक शेतकऱ्यांच्या वडिलोपार्जित जमिनी गेल्या आहेत. त्यांच्या मुलांस तेथें मानाचें काम मिळालें, तर फलकावरील शब्द स्तुतीचा ठरेल. तसें न झाल्यास गांवकरी तोच शब्द निराळ्या स्वरांत उच्चारतील, आणि त्याचा मूळचा, चुरचुरण्याचा अर्थ समजावून घेण्यास त्यांना कोशाची गरज पडणार नाहीं.