भोकाचा पैसा
(महायुद्ध आणि आपण : लेखांक 14)

इटलीत जायचं ठरलं होतं. इरिट्रियातला केरेनचा डोंगर सर झाला, आता मराठा पलटणींबरोबर टायबरच्या खोऱ्यात उतरू, असं मागच्या आठवड्यात मीच लिहिलं होतं. पण मधल्या काळात चिपळूणहून एका वाचक भगिनींचं पत्र आलं आणि इटली लांबणीवर पडली. त्यांच्या आजेसासूबाईंच्या फडताळात दोऱ्यात ओवलेले भोकाचे पैसे सापडले. सगळे 1943 ते 1945 सालचे. "भोक कशाला पाडलं? आणि तुमच्या युद्धाशी याचा काही संबंध आहे का?" असं त्यांनी विचारलंय.

संबंध? अहो, मला विचाराल तर हिंदुस्थानात युद्ध घरोघर पोचलं ते याच पैशावर बसून.

आधी भोकाचं सांगतो. त्याच्या आधीचा तांब्याचा पैसा, आपल्या आजोबांचा पैसा, पाच ग्रॅमला किंचित कमी भरायचा. भोकाचा पैसा भरतो दोन ग्रॅमच्या आत. आकार लहान केला, जाडी कमी केली आणि वर मधला तुकडाही काढून घेतला. एका पैशामागे तीन ग्रॅम म्हणजे काहीच नाही, पण नाणी पाडायची होती कोट्यवधी, आणि तांबं हवं होतं काडतुसांच्या पितळी टोप्यांना. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची भूक आणि मुंबईच्या टांकसाळीची भूक एकाच धातूची होती. त्यात कोण जिंकणार हे उघड होतं. निकेलचंही तेच. चिलखती पोलादाला निकेल लागतं, म्हणून 1942 पासून अर्धा आणा, आणा आणि दोन आणे पांढरट होते ते पिवळट झाले. जुन्या नाण्यांच्या पेटीत एकाच राजाचे दोन रंगांचे आणे दिसतात ते यामुळे.

एवढं करूनही टांकसाळी पुऱ्या पडेनात. 1943 मध्ये लाहोरला नवी टांकसाळ घाईघाईने उभी केली. चिपळूणच्या बाईंनी भिंग घेऊन पाहावं. लाहोरच्या पैशांवर तिची बारीक खूण असते, आणि फाळणीत ती टांकसाळ पाकिस्तानात गेल्यामुळे तिचं आपल्याकडचं आयुष्य जेमतेम चार वर्षांचं आहे. भोकाच्या पैशाचा लोकांनी वॉशर म्हणून वापर केला ही गोष्ट खरीच आहे. लोखंडी वॉशर बाजारात मिळेना, मिळाला तर पैशाहून महाग. पोरांच्या करगोट्यातही तो ओवला जायचा. पण सरकारने भोक पाडलं ते तांब्यासाठी.

आता खुर्द्याची टंचाई का झाली, हे पाहू. टंचाई केवढी, तर दुकानदार सुट्या पैशांऐवजी पोस्टाची तिकिटं हातावर ठेवत. काठेवाडातल्या छोट्या छोट्या संस्थानांनी तर पुठ्ठ्याचे पैसे काढले, राजाचं चित्र छापलेली एक-दोन पैशांची कुपनं. जुन्या बाजारात ती अजून मिळतात आणि माझा खिसा रिकामा करतात.

गोष्ट सुरू होते जून 1940 मध्ये. फ्रान्स पडला आणि इथल्या माणसाचा कागदी नोटेवरचा विश्वास उडाला. लोकांनी नोटा देऊन चांदीचे रुपये न्यायला रांगा लावल्या. साहेबाचं राज्य टिकणार की नाही याबद्दल वर्तमानपत्रांत काही छापून येवो, लोकांनी आपलं मत रांगेत उभं राहून दिलं. सरकारने त्याच महिन्यात गरजेपेक्षा जास्त नाणी साठवणं हा गुन्हा ठरवला. ऑगस्टमध्ये एक रुपयाची नोट पुन्हा काढली. पहिल्या महायुद्धात 1917 साली ती पहिल्यांदा निघाली होती, 1926 मध्ये बंद झाली होती. त्याच 1940 मध्ये रुपयातली चांदी, जी बारा भागांत अकरा भाग असायची, ती निम्म्यावर आली. उरलेलं तांबं, निकेल, जस्त. आणि मग जुन्या, खऱ्या चांदीच्या रुपयांना चलनातून हाकललं. आधी 1941 मध्ये राणीछाप गेला, त्यामागोमाग एडवर्ड, आणि 1943 पर्यंत जॉर्जही. गावोगावच्या म्हाताऱ्यांनी ते दिले नाहीत, पुरले. अजून पाया खणताना निघतात.

चांदी तरीही पुरेना, तेव्हा अमेरिकेने सुमारे 22 कोटी 60 लाख औंस चांदी उसनी दिली. मला यात गंमत वाटते ती अशी की 1918 सालीही असंच झालं होतं. तेव्हाही मुंबईत नोटा मोडायला झुंबड उडाली होती, आणि अमेरिकेने आपले चांदीचे डॉलर वितळवून सुमारे 20 कोटी औंस चांदी रुपयासाठी विकली होती. ब्रिटिशांचा रुपया दोन्ही महायुद्धांत अमेरिकेच्या चांदीने तगला. फरक इतकाच की दुसऱ्या वेळी चांदी औंसाला औंस परत करायची होती. म्हणूनच 1946-47 मध्ये आपल्या नाण्यांतून चांदी कायमची गेली आणि निकेल आलं.

पण खुर्दा हे नुसतं लक्षण. रोग नाशिकरोडला होता.

हे नीट सांगायला हवं, कारण शाळेच्या पुस्तकात यावर ओळसुद्धा नसते. नोव्हेंबर 1939 मध्ये लंडन आणि दिल्ली यांच्यात खर्चाचा करार झाला. शांततेच्या काळातला लष्करी खर्च आणि केवळ हिंदुस्थानच्या संरक्षणाचा खर्च हिंदुस्थानने करायचा. बाकीचा, म्हणजे केरेनचा, तोब्रुकचा, इटलीचा, ब्रिटनने. कागदावर करार चांगला दिसतो. दोन लाखांचं सैन्य पंचवीस लाखांपर्यंत गेलं, त्याचा बराचसा भार साहेबाने उचलला असं त्यावरून कुणालाही वाटेल. आता तो भार कसा उचलला ते बघा. खाकी कापड, बूट, तंबू, ताग, रेल्वेचं सामान, धान्य, सगळं इथे घेतलं गेलं आणि इथे रुपयांत चुकतं झालं. रुपये कुठून आले? लंडनमध्ये रिझर्व्ह बँकेच्या खात्यावर तेवढे पौंड जमा झाल्याची नोंद व्हायची. ते पौंड युद्ध संपेपर्यंत मनासारखे खर्चता येत नव्हते. पण कायद्याने पौंडाचे रोखे तारण धरून नोटा छापता येत होत्या, आणि छापखाना नाशिकरोडला होता. गिऱ्हाईक माल उचलून नेतंय आणि उधारी स्वतःच्याच वहीत मांडून ठेवतंय, असा हा व्यवहार.

युद्धाआधी चलनात दोनशे कोटींच्या आत नोटा होत्या. युद्ध संपताना त्या अकराशे कोटींच्या वर गेल्या. माल देशाबाहेर गेला, नोटा देशात राहिल्या. मार्च 1942 मध्ये रंगून पडल्यावर ब्रह्मदेशचा तांदूळही बंद झाला. (तिकडे जपान्यांनी ब्रह्मदेशात स्वतःच्या रुपयाच्या नोटा छापल्या. म्हणजे 1942 ते 1945 या काळात रुपया दोन्ही बाजू छापत होत्या. जपानी रुपया लढाई संपताच रद्दी झाला.) 1943 मध्ये घाऊक किमती युद्धाआधीच्या दुपटीपलीकडे गेल्या होत्या.

अर्थशास्त्रज्ञ गप्प नव्हते. मुंबईत प्रा. सी. एन. वकील घसरत्या रुपयावर लिहीत होते. पुण्यात गोखले संस्थेत धनंजयराव गाडगीळ आणि ना. वि. सोवनी यांनी 1943 सालीच सरकारच्या युद्धकालीन आर्थिक धोरणावर पुस्तक काढलं. पुस्तक लहान, पण आजही वाचावं असं. एप्रिल 1943 मध्ये देशातल्या अर्थशास्त्रज्ञांनी एकत्र पत्रक काढून सांगितलं की ही महागाई नोटा छापल्यामुळे आली आहे. सरकारचं म्हणणं, साठेबाज जबाबदार. साठेबाज होतेच. पण साठा करणं फायद्याचं कुणी केलं?

मे 1943 मध्ये मुंबईत धान्याचं रेशन सुरू झालं आणि मुंबई तगली. बंगालमध्ये, कलकत्त्याच्या कारखान्यांना आणि लष्कराला धान्य आधी पोचेल अशी व्यवस्था होती. खेड्यातल्या मजुराला, कोळ्याला, नावाड्याला ती नव्हती. नावाड्याची तर नावच जपानी येतील म्हणून सरकारने काढून घेतली होती. सरकारी चौकशी आयोगाने बंगालच्या त्या दुष्काळात मेलेल्यांचा आकडा सुमारे 15 लाख दिला. नंतरच्या अभ्यासकांचे अंदाज 30 लाखांपर्यंत जातात. रणांगणावर या युद्धात सुमारे 87 हजार हिंदी सैनिक कामी आले. हे दोन आकडे मी मुद्दाम शेजारी ठेवतोय.

ऑगस्ट 1943 मध्ये रिझर्व्ह बँकेचा पहिला हिंदी गव्हर्नर नेमला गेला, तो आपल्या तेव्हाच्या कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातला: चिंतामणराव देशमुख. संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवलेला आणि पुढे 'मेघदूत' मराठीत आणणारा हा माणूस. त्याच्या हाती असलेल्या तिजोरीत पौंडांची चिठ्ठी आणि बाहेर नोटांचा पूर. जादा नोटा शोषून घेण्यासाठी ब्रिटन-अमेरिकेने त्याच सुमारास इथल्या बाजारात सोनं विकायला काढलं. 14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाजाचा स्फोट झाला, तेव्हा दारूगोळा आणि कापसाबरोबर त्यात रुपयाला टेकू द्यायला आणलेल्या सोन्याच्या 124 विटाही होत्या. त्यातली एक शहरात एका घरावर येऊन पडली. काही विटा पुढे कित्येक वर्षांनी गाळ उपसताना निघाल्या. त्या स्फोटावर स्वतंत्र लेख येणारच आहे, म्हणून इथे हात आवरतो.

जुलै 1944 मध्ये ब्रेटन वुड्सच्या जागतिक चलन परिषदेत देशमुख होते, मुंबईचे उद्योगपती ए. डी. श्रॉफही होते. श्रॉफ यांनी तिथे पौंडांच्या थकबाकीचा प्रश्न काढला: यातला थोडा तरी भाग आम्हाला दुसऱ्या चलनात बदलून मिळावा. मिळाला नाही. ब्रिटनचा प्रतिनिधी केन्स याने ब्रिटन देणं सन्मानाने फेडेल असं आश्वासन दिलं. घरी चर्चिलसाहेब उलट हिशेब मांडण्याच्या गोष्टी करत होते, आम्ही तुम्हाला वाचवलं त्याचं काय म्हणून.

एक निवृत्त बँकवाले स्नेही मला नेहमी सुनावतात की तुम्ही उगाच रडता. युद्धाआधी आपण ब्रिटनचे ऋणको होतो, ते कर्ज फिटलं आणि युद्ध संपताना उलट त्यांनीच आपल्याला सुमारे 130 कोटी पौंड देणं होतं. वहीत पाहिलं तर ते बरोबर आहेत. पण ती शिल्लक जमली कुणाच्या ताटातून? गिरणीमालकाची, कंत्राटदाराची भर झाली. ज्याच्याकडे विकायला फक्त अंगमेहनत होती, त्याच्याकडून हे सक्तीचं कर्ज काढलं गेलं, त्याला न विचारता आणि पावती न देता. परतफेड झाली ती देशाला झाली, त्याला नाही. तीही सरळ झाली नाही. 1948 च्या करारात इथे टाकून गेलेल्या लष्करी सामानाची किंमत आणि परतलेल्या साहेबांच्या पेन्शनींची तरतूद त्यातूनच वळती झाली. काही पाकिस्तानच्या वाट्याला गेलं. उरलेलं धान्य आयातीत आणि दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या यंत्रसामग्रीत 1957-58 पर्यंत बहुतेक संपलं.

ब्रिटनने हिंदुस्थानचं युद्ध पोसलं हे म्हणणं म्हणूनच मला कधी पटलेलं नाही. हिंदुस्थानातल्या सर्वात गरीब माणसाने ब्रिटनला उधार दिलं.

कुणाकडे 1943 ते 1946 मधली रेशनकार्डं, संस्थानी कुपनं किंवा दुकानदारांच्या हिशेबाच्या वह्या असतील तर कृपया कळवा. रद्दीत देऊ नका. वह्यांमध्ये तांदूळ, रॉकेल आणि साडीचे भाव महिन्यावार लागले तर यावर आणखी एक लेख लिहिता येईल. पुढच्या आठवड्यात मात्र इटली नक्की: 10 जुलै 1944, टायबरचं खोरं, आणि देशमुखांच्याच जिल्ह्यातले नाईक यशवंत घाडगे.